रिकामी लिफ्ट

अन्यायाविरुद्ध उचललेलं पाऊल मागे येत नाही — बाईंचं मात्र जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर आपोआप मागे आलं, आणि डोळ्यांसमोर आलं ते लिफ्टचं बटण : काळं, वाटोळं, मधोमध झिजून पांढुरकं पडलेलं. बोट तिकडे निघालंच होतं. त्यांनी ते मुठीत दाबलं. गुडघा ठणकत होता... गुडघ्याला मेल्याला तत्त्व कुठून कळणार?

तत्त्व त्यांचंच होतं. कंपनीने लिफ्टमनमामांना घरी बसवलं — ‘प्रत्येकाला बोटं आहेत, बटण ज्याचं त्याने दाबावं’ — तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून उठल्या होत्या त्या हिशेबखात्यातल्या या बाईच. मामा परत येईपर्यंत लिफ्टमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही! टाळ्यांचा पाऊस... आणि जन्मभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासणाऱ्या आपल्या तोंडून हे निघालं कसं, याचं आपलंच आपल्याला नवल. फाटकाशी मामांनी हात जोडले होते. “तुमच्या भरवशावर आहे, बाई. दुसरीकडे विचारलंसुद्धा नाही.”

आणि सगळ्यांनी पाळलं की! शिपायापासून त्या अगडबंब कॅशियरपर्यंत झाडून सगळे जिन्याने.

“बाई, तुमच्या क्रांतीपायी माझी कंबर गेली,” टायपिस्ट मागून धापा टाकत आली.

“बारीक झालीस की.”

“बघतोय कोण? नवरा?” म्हणत ती वर गेलीसुद्धा.

तेवढ्यात लिफ्ट येऊन थांबली, दार सरकलं. आत साहेब, एकटेच; तिसऱ्याचं बटण चुकून दाबलेलं.

“या ना बाई. अख्खी रिकामी आहे.”

“मामांना कधी घेताय परत?”

“मामा?” साहेब खरोखरच गोंधळले. “अहो, परवा वरून विचारलं, लिफ्टमनची जागा ठेवायची का? म्हटलं, चढतंय कोण लिफ्टमध्ये! जागाच रद्द झाली. खरं सांगू? पूर्वी मलासुद्धा रांगेत ताटकळावं लागायचं हो.”

टोमणा असता तर बरं झालं असतं — टोमणा परतवता येतो. पण हा माणूस चक्क आभार मानत होता, आणि बाईंच्या कानशिलांतून जाळ निघाला : या माणसाला मी... मी लिफ्ट आंदण दिली! सगळ्यांचे गुडघे झिजवून, कमरा मोडून, वर मामांची जागाही आपल्याच हातांनी... खरं तर कोंबायला हवी होती ती लिफ्ट, दिवसभर, चेंगराचेंगरी होईस्तोवर, ‘माणूस नेमा’ म्हणून साहेबच बोंबलेस्तोवर. पण हे आता सांगायचं कुणाला? टायपिस्टला? आणि मामांना... इतके दिवस हा राग कसा उबदार होता, पांघरावा असा. आता तो ठेवायचा कुठे तेच कळेना.

“येताय?”

बाईंनी कठडा घट्ट धरला. दार मिटलं.

साहेब पाचव्या मजल्यावर उतरले. लिफ्ट तिथेच थांबली. तिला खाली बोलावणारं कुणी नव्हतं.