दारातली दोन मिनिटं

भंगारवाला रविवारी सकाळी येणार होता आणि माझी नणंद शनिवारी दुपारीच टपकली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पान्यांची पेटी. पेटी पिशवीच्या दुप्पट.

"गाडी विकतेस म्हणे," चपला काढायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"विकत नाही, भंगारात देतेय. विकायला ती चालू तर व्हायला हवी."

"मला विचारलंस?"

"तुझ्या भावाने आणताना मला विचारलं होतं?"

यावर ती बोलायला दुसरं काहीतरी शोधू लागली. माझी ही धाकटी नणंद बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करते. माणसांशीही ती तशीच वागते. आधी ठोकून बघते, मग बोलते. पण भावावर तिचा जीव होता. तो गेला, त्याच्या तेराव्यानंतर ती पहिल्यांदाच घरी येत होती, आणि आत न येता अंगणातल्या गाडीकडेच बघत उभी होती. मलाही भरून आलं. पण मी म्हटलं, "चहा घे आधी. गाडी कुठे पळून जात नाही, तोच तर वांधा आहे."

आमचे हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि उरलेला वेळ अंगणात जुन्या गाड्यांच्या पोटात डोकं घालून असायचे. कुणीतरी टाकून दिलेली गाडी आणायची, गंज खरवडायचा, सगळी उघडायची, पुन्हा जोडायची. पहिल्या दोन गाड्या धडधाकट होऊन दुसऱ्यांच्या दारात गेल्या. ही तिसरी, राखाडी, डिझेलवरची, आमच्यासारखीच उतारवयातली. ती मात्र घरीच राहिली.

मग बहीणभावांच्या डोक्यात खूळ शिरलं की ही गाडी तळणाच्या तेलावर चालवायची. हॉस्पिटलमागच्या कँटीनमध्ये वापरून काळं झालेलं तेल फेकून देत, ते हे डबे भरभरून आणायला लागले. गाळायला म्हणून माझी एक चांगली उशीची खोळ गेली, नंतर दुसरी गेली, मग मी मोजायचं सोडलं. डिकीत तेलाची वेगळी टाकी बसली, ते तापवायला नळ्या फिरल्या आणि समोर स्टिअरिंगशेजारी आमच्या न्हाणीघरातलं दिव्याचं जुनं बटण लागलं. ते कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं की तासभर ऐकावं लागे. पण गाडी चालली, हे कबूल करायला हवं. गल्लीत आधी तळणाचा वास यायचा आणि मागून गाडी. शेजारची मुलं वासानेच घरी जेवायला पळायची.

तेल, वास, खोळी हे सगळं मी पोटात घातलं. मला लागायचं ते वेगळंच. संध्याकाळी गाडी दारात येई, आणि हे आत येत नसत. इंजिन सुरू ठेवून तिथेच बसून राहत. मान जराशी कलती, नजर कुठेतरी पुढे. मी खिडकीतून हाक मारायची, "अहो, येताय ना?" की ठरलेलं उत्तर, "आलोच, दोन मिनिटं." बाजारातून दोघं बरोबर आलो तरी तेच. "तू हो पुढे," म्हणायचे आणि मी पिशव्या घेऊन एकटी आत. पहिल्यांदा हसू यायचं. मग राग यायला लागला. मग एक भीती बसली, जी मी कुणालाच सांगितली नाही. दिवसभर बाहेर राहून दारापर्यंत आलेल्या माणसाला घरात शिरण्याआधी एवढा दम का घ्यावा लागतो? लेक लग्न होऊन गेली होती, घरात मी एकटीच. म्हणजे तो दम माझ्यासाठीच घ्यावा लागत होता.

एके दिवशी सकाळी हे कामाला निघताना मी बोलून टाकलं. "घरात यायचं जिवावर येतं तर तसं सांगा. रोज दारात बसून तमाशा नको." त्यांनी काहीतरी समजवायला तोंड उघडलं, पण मी आत निघून गेले.

त्या संध्याकाळी गाडी आली, थांबली, इंजिन बंद झालं आणि हे सरळ आत. मी ओट्याशी होते, दचकलेच. "आज रस्ता चुकला का?" मी विचारलं. ते हसले. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून माझ्याजवळ बसले, वाटाणे सोलायला घेतले. अर्धे टोपात, अर्धे तोंडात. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल केली. जेवताना दोनदा मागून घेतलं. हात धुता धुता म्हणाले, "उद्या सकाळी धक्का मारायला यावं लागेल हं, कंबर कसून ठेव." मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं." यांचं निम्मं बोलणं असंच असायचं, त्याला कोण अर्थ लावत बसणार?

सकाळी गाडीपर्यंत जायची वेळच आली नाही. दाढी करताना खाली बसले ते बसलेच. ॲम्ब्युलन्स आली, डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

त्यानंतर गाडी कुणाच्याच हाताला आली नाही. एक गिऱ्हाईक येऊन किल्ली फिरवून फिरवून बॅटरी संपवून गेलं. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "काकू, यात राम नाही." मलाही ती नकोच होती. खिडकीतून ती दिसायची आणि वाटायचं, हे आत्ताही तिथेच बसलेत आणि अजून आत येत नाहीत. शेवटी लेकीने भंगारवाला शोधून दिला.

रविवारी उजाडताच नणंदेने बॉनेट उघडलं. मी पायरीवर चहाचा कप घेऊन बसले, तिला टोमणे मारायला. पण माझ्या टोमण्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने पंपाजवळची एक बारीक नळी सोडवली, बोटावर उलटी केली आणि बघतच राहिली.

"वहिनी, या गाडीला कुणी हात लावला होता?"

"कोण लावणार? ते गेल्यावर ती चालूच झाली नाही."

"मग हे काय?" तिने बोट माझ्यासमोर धरलं. पिवळट, चिकट, मेणासारखं काहीतरी होतं. "इथे डिझेल निघायला हवं. हे तेल आहे, गोठलेलं." मग तिने आत वाकून ते न्हाणीघरातलं बटण पाहिलं. "बटणही तेलावरच आहे. असं दादा कधीच करणार नाही."

"म्हणजे काय? नीट सांग."

"अगं, तळणाचं तेल गार झालं की घट्ट होतं. म्हणून गाडी डिझेलवर सुरू करायची, तापली की तेलावर घ्यायची. आणि बंद करायच्या आधी बटण फिरवून पुन्हा डिझेलवर आणायची. दोनेक मिनिटं तशीच चालू ठेवायची, म्हणजे नळ्यांतलं तेल जळून जातं. नाहीतर सकाळी धुपाटणं! खरं तर हे घराच्या अलीकडे वळणावरच करता येतं, पण चालत्या गाडीला डिझेल जास्त लागतं आणि दादाचा हात आखडता. डिझेलचा थेंब सुटत नसे. दारात उभं राहून कान देऊन ऐकायचा आणि आवाज बदलला रे बदलला की बंद. रोज. मीच शिकवलं होतं त्याला, आणि एकदा विसरला तेव्हा फोनवर घातलेल्या शिव्या त्याने जन्मभर लक्षात ठेवल्या."

कप माझ्या हातात तसाच राहिला. मान कलती, नजर पुढे. दम घेत नव्हते ते. ऐकत होते.

"शेवटच्या दिवशी विसरला असेल," नणंद हळूच म्हणाली. "बरं वाटत नसेल त्याला."

"नाही," मी म्हटलं. "दोनदा मागून जेवले. आणि विसरले नव्हते." ती नळी फडक्याने पुसत राहिली आणि मला रडू दिलं. ठोकून न बघता पहिल्यांदाच.

मग ती कामाला लागली. नळ्या धुतल्या, फिल्टर बदलला, ताजं डिझेल ओतलं, पंपाचा दट्ट्या दाबून दाबून हवा काढली. एवढ्यात भंगारवाला त्याचा टेम्पो घेऊन आलाच. गाडीची उघडी छाती बघून म्हणाला, "बाई, सुटे भाग काढताय की काय? असं ठरलं नव्हतं."

"थांबा जरा," मी म्हटलं.

नणंदेने बॉनेट आपटलं, हात पुसले. "आतलं सगळं चोख आहे. पण बॅटरी उतरलीय, वहिनी. धक्का मारावा लागेल."

मी पायरीवरून उठले. पदर खोचला आणि भंगारवाल्याला म्हटलं, "दादा, तुम्ही डाव्या बाजूला लागा."

"मी? अहो, मी गाडी न्यायला आलोय."

"न्यायची नाहीये आता. खेप फुकट गेली म्हणून चहा देते, पण आधी जोर लावा."

तो बिचारा गोंधळला, पण लागला. नणंद स्टिअरिंगवर बसली. मी दोन्ही तळवे डिकीवर ठेवले. पत्रा गार होता. गाडी आधी हललीच नाही, मग हलली, फाटकातून उताराला लागली, आणि एकदम सगळं अंग थरथरून इंजिन धडधडायला लागलं. भंगारवाला ओरडला, "सुटली!"

"अहो, मारला हो धक्का," मी म्हटलं. भंगारवाल्याने वळून पाहिलं, त्याला वाटलं मी त्याच्याशीच बोलतेय.