कोथिंबीर संपली

कोथिंबीर ही काही रोज संपायची वस्तू नाही. पण काकूंच्या घरात ती रोज संपायची. संध्याकाळ झाली, दुकानांचे दिवे लागायला लागले, की काकूंचं शिलाई मशीन थांबायचं. काकू फ्रीज उघडून आत डोकवायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "अगं बाई, कोथिंबीर संपली की!" पायात चपला, हातात पिशवी, आणि काकू जिना उतरून गेल्यासुद्धा.

काकू म्हणजे शिलाईकाकू. नवे कपडे शिवायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर, असली कामं. लोक जाड झाले की काकूंना काम, लोक बारीक झाले तरी काकूंनाच काम. घर दोन खोल्यांचं. त्यात नवरा, मुलगा, सून, नात आणि मशीन. आता तुम्हीच सांगा, अशा घरात बाईमाणसाला घटकाभर एकटं बसायचं असेल तर तिनं कुठं जावं? कोथिंबीर आणायला जावं.

भाजीवाला कोपऱ्यावरच होता. जाऊन यायला दहा मिनिटं खूप झाली. काकूंना तास लागायचा, कारण पाण्याच्या टाकीमागे एक बाक होता आणि त्या बाकावर बटणवाली बसलेली असायची. बटणं, दोरे, लेस, चेनी असलं दुकान होतं तिचं. दुकानामागच्याच खोलीत एकटी राहायची. दुकानात काकू दोरा घ्यायला जायच्या, तिथे ओळख झाली आणि मग बाक हा ठरूनच गेला. बटणवाली खाऱ्या दाण्यांची पुडी आणायची. करायच्या काय दोघी? काही नाही. दाणे खायच्या आणि बोलायच्या. गुडघे, गिऱ्हाइकं, कोणाची सून कशी, कोणाचा नवरा किती घोरतो. घरात दिवसभर 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलणाऱ्या काकू तिथे एवढ्या हसायच्या की ठसका लागायचा. "अगं, हळू हस," बटणवाली म्हणायची, "कोथिंबीर सुकेल."

आता घरी जाताना हसऱ्या तोंडानं जाऊन कसं चालेल? बाई मजा मारून आली असं वाटायचं लोकांना. म्हणून काकू दारातच तोंड वाकडं करायच्या. चपला आपटायच्या, पिशवी टेकवायच्या आणि म्हणायच्या, "काय सांगू, मेली पायपीट! एका जुडीसाठी केवढं हिंडायचं. पाय गळून गेले अगदी." हे इतकं बेमालूम असायचं की सून लगेच पाणी आणून द्यायची. आणि पेपरामागे बसलेले काका हे सगळं निमूट ऐकायचे.

काकूंची चूक झाली ती इथे. काका एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. स्क्रूपासून फडक्यापर्यंत कुठली वस्तू कधी संपेल हे आधी ओळखायचं आणि ती संपू द्यायची नाही, यात त्यांचा जन्म गेला. 'माल संपला' हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागायचं. असा माणूस रोज संध्याकाळी बायकोच्या तोंडून 'संपली' आणि 'मेली पायपीट' ऐकत होता. बोलत काही नव्हता, पण मनात टिपून ठेवत होता. माणूस तसा देवमाणूस, हाच तर घोटाळा.

काका रिटायर झाले आणि पाठोपाठ ती साथ आली. सगळं बंद. घरटी एकानंच बाहेर पडायचं, तेही सामान आणायला. काकूंना दमा, त्यामुळे त्यांचं नाव पहिल्या फटक्यात कटलं. काकांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "आजपासून तू कोथिंबिरीसाठी पाऊल बाहेर टाकायचं नाहीस. उभा जन्म पायपीट केलीस. तेव्हाच ठरवलं होतं मी, रिटायर झालो की हिचे पाय वाचवायचे." बोलताना त्यांचा गळा दाटून आला. सुनेनं डोळे पुसले. काकू काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाई."

आणि काका कामाला लागले. बाजारातून आल्यावर एकेक काडी निवडायची, धुवायची, पंख्याखाली फडक्यावर पसरायची, कोरडी झाली की कागद घातलेल्या डब्यात भरायची. फ्रीजमध्ये कोथिंबिरीचे डबे ओळीनं उभे. जुना माल पुढे, नवा मागे. सुनेनं चुकून मागचा डबा उघडला तर काका हातातून काढून घ्यायचे. "आधी जुना जाऊ दे, मग नवा." कोथिंबीर पंधरा-पंधरा दिवस हिरवीगार राहायची. काकू फ्रीज उघडायच्या, त्या डब्यांकडे सवतीकडे बघावं तशा बघायच्या आणि फ्रीज बंद करायच्या.

दिवस तर नुसते रांगत होते. मुलाचं ऑफिस घरात आलं, नातीची शाळा घरात आली. मुलानं टेबल थाटलं ते नेमकं दाराशी, कारण नेट तिथेच मिळायचं. कोणाला बाहेर जायचं झालं तर आधी त्यानं उठायचं, मग टेबल सरकवायचं, मग दार. मीटिंग चालू असली की मशीन बंद, मिक्सर बंद, नळसुद्धा हळू सोडायचा. काकू पाटावर बसून हातानं टाके घालायच्या आणि गप्प बसायच्या. दमल्या होत्या त्या. पूर्वी कामानं दमायच्या, आता बसून दमत होत्या, आणि हा दुसरा शीण झोपूनही जात नव्हता.

बटणवालीचा फोन यायचा. पण भिंतीला कान असतात म्हणतात, इथे भिंती राहू द्या, हातभर अंतरावर चार माणसांचे कान होते.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"बरी. जेवलीस?"

"जेवले."

पुढे काय बोलणार? सुनेदेखत सुनेबद्दल बोलणार? एकदा काकू फोन घेऊन न्हाणीघरात गेल्या, तर नातीनं दार वाजवून विचारलं, "आजी, तू कोणाशी बोलतेस?" संपलं. बटणवालीकडे तर उलटीच तऱ्हा. एवढी बडबडी बाई, दिवसभर बोलायला माणूस नाही. "अगं, घसा गंजला माझा," ती म्हणायची. "परवा दोऱ्याच्या रिळांशी बोलत होते." काकू म्हणायच्या, "हो, बरं." तिच्याशी असं 'हो, बरं' करताना त्यांना स्वतःचीच चीड यायची.

मग हळूहळू जग थोडं उघडलं. एक दिवस सकाळी बटणवालीचा फोन आला. आज आवाज वेगळाच होता.

"दुकान सोडलं मी. दुपारी किल्ली देणार. बहिणीकडे चालले, कायमची. आज रात्रीची गाडी आहे. संध्याकाळी बाकावर बसते गाडीची वेळ होईपर्यंत. कोथिंबीर आणायला ये."

काकूंच्या समोर मुलगा बसला होता, बाजूला नात. "हो," काकू म्हणाल्या, "बघते."

"बघू नको. ये."

काकूंनी फोन ठेवला. आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना, मैत्रिणीला भेटायला जाते. सांगितलं असतं. पण मग पहिला प्रश्न, कुठली मैत्रीण? दुसरा प्रश्न, कधीपासून? आणि मग काकांचा तो दाटलेला गळा, ते वाळवलेले डबे, पाय वाचवल्याचा तो आनंद, त्याचं काय करायचं? खोटं एकदा घरात राहायला आलं की ते घरचंच होऊन बसतं, त्याला बाहेर काढणं जिवावर येतं. काकूंना वाटलं, खरं सांगण्यापेक्षा खोटंच खरं करावं. कोथिंबीर खरोखरच संपवावी.

त्या दिवशी त्या घरात जे शिजलं ते सगळं हिरवं होतं. डाळ हिरवी, भाजी हिरवी, अंडी हिरवी, भात हिरवा. डब्यामागून डबा काकू मिक्सरमध्ये रिकामा करत होत्या. मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "आई, आज आम्हाला चरायला सोडलंस का?" नात खो खो हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी शेवटचा डबाही धुऊन पालथा घातला.

संध्याकाळी त्यांनी केस विंचरले, बाहेरचे कपडे घातले, मास्क लावला. मग फ्रीज उघडला आणि किती महिन्यांनी ते वाक्य म्हटलं. "अगं बाई, कोथिंबीर संपली की!"

काका आतल्या खोलीत पडले होते. ते ताडकन उठले. "संपली? संपली म्हणजे? चार डबे होते!" त्यांनी फ्रीजमध्ये डोकं घातलं. चेहरा असा झाला, जणू स्टोअरला आग लागली. "दुपारी ताटात सगळं हिरवं होतं, तरी माझं लक्ष कसं गेलं नाही?"

"असू द्या हो. मी आणते. तुम्ही पडा."

"छे छे! तू कुठे निघालीस?" काकू पिशवी शोधेपर्यंत काकांनी मास्क लावला, मुलाला उठवलं, टेबल सरकवलं आणि ते बाहेर पडलेसुद्धा. मुलानं टेबल परत दाराला लावलं, इअरफोन कानात घातले आणि त्याची मीटिंग चालू झाली.

काकू चपला हातात घेऊन टेबलाच्या अलीकडे उभ्या राहिल्या. मुलानं हातानंच खूण केली, थांब. सुनेनं ओठावर बोट ठेवलं. काकू थांबल्या. दोन पावलांवर दार होतं. खिडकीतला उजेड कमी होत गेला, मुलगा 'येस सर, येस सर' करत राहिला, आणि काकू स्टुलावर चपला मांडीत घेऊन बसल्या.

अखेर बेल वाजली. मुलानं वैतागून टेबल ओढलं. काका आत आले ते विजयी वीरासारखे. पिशवी ओसंडून वाहत होती.

"चार जुड्या! आता महिनाभर काळजी नाही. आणि अगं, गंमत ऐक. टाकीमागच्या बाकावर ती बटणांच्या दुकानवाली बसली होती, केवढी मोठी बॅग घेऊन. मला पिशवीसकट बघितलं आणि विचारते कशी, 'आज काकू नाही आल्या कोथिंबिरीला?' मी म्हटलं, छे, आता तिला यायची गरजच नाही. मी असताना ती कशाला येईल? सुटली ती त्या पायपिटीतून."

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मग काय? हसली. म्हणाली, बरं झालं, सुटल्या. तुझ्यासाठी दाण्यांची पुडी देत होती. मी म्हटलं, माफ करा, सध्या बाहेरचं उघडं काही घेत नाही आम्ही. परत दिली. मग उठली, बॅग उचलली आणि गेली रिक्षा शोधायला."

काकूंनी चपला जमिनीवर टाकल्या आणि पायात सरकवल्या. मुलगा टेबल परत लावत होता. "सरक!" काकू ओरडल्या. त्या घरात त्यांचा तसला आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. मुलाच्या साहेबानं तो स्क्रीनवरून ऐकला. काकूंनी स्वतःच टेबल ढकललं, लॅपटॉप डुगडुगला, आणि काकू जिना उतरून गेल्या.

बाक रिकामा होता. खाली दाण्यांची चार टरफलं पडली होती, तीही कदाचित दुसऱ्या कोणाची असतील. काकूंना दम लागला होता. त्या आपल्या नेहमीच्या बाजूला बसल्या आणि मास्क ओला होईपर्यंत रडल्या. किती दिवसांचं रडू होतं कोण जाणे.

काका मागोमाग धापा टाकत आले. समोर उभे राहिले. "अगं, झालं काय? दम्याचं औषध घेतलंस का?"

"मला कोथिंबीर कधीच नको होती हो," काकू म्हणाल्या. "कधीच नको होती. मी इथे बसायला यायचे. तिच्याजवळ. तासभर. तेवढाच माझा होता." आणि मग सगळंच सांगितलं, फ्रीजपासून बाकापर्यंत.

काका ऐकत राहिले. मग हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. चेहरा उतरला होता त्यांचा. पिशवी अजून हातातच होती, घरी ठेवायचं भानही राहिलं नव्हतं.

"आणि ते पाय दुखतात म्हणायचीस, ते?"

"ते खरंच दुखायचे," काकू म्हणाल्या.

माणसं अंतर राखून येत-जात होती. काकांनी पिशवीतल्या जुड्यांकडे बघितलं, मग टाकीकडे. "मी तिला म्हटलं, सुटली ती," ते स्वतःशीच पुटपुटले. "आणि ती बिचारी हसली." मग त्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि काकूंच्या हातात दिला. "तिचा नंबर पाठ आहे ना?"

"आहे."

"गाडी सुटायची असेल अजून. किंवा सुटली असेल. बोलता येईलच की." ते उठले. जुड्यांची पिशवी बाकावर काकूंच्या शेजारी ठेवली. "मी जरा कोथिंबीर घेऊन येतो."

"अहो, चार जुड्या आहेत इथे!"

काका तोवर चालू लागले होते.

बटणवालीनं पहिल्याच रिंगला उचललं. "कोण?" काकूंनी सांगितलं कोण, कुठून, आणि का आले नाही. पलीकडून त्या बाईनं काकांवर तोंडसुख घेतलं, असं की काकूंना आधी रडू आलं आणि मग ठसका लागेपर्यंत हसू. "दाणे परत करतो मेला!" बटणवाली गाडीच्या आवाजावर ओरडत होती. "सगळे मीच खाल्ले, तुझ्या वाटचेपण!" मग त्या बोलत राहिल्या. सुनेबद्दल, नळाबद्दल, रिळांबद्दल, बहिणीच्या घरी कुठली खोली मिळणार त्याबद्दल. कोणी ऐकायला नव्हतं. रस्त्यावरचे दिवे लागले, भाजीवाल्यानं पाटी झाकली, तरी काका आले नाहीत.

आले तेव्हा तास होऊन गेला होता. फोन नुकताच बंद झाला होता. काकांच्या हातात एकच जुडी होती, धरून धरून मान टाकलेली.

काकूंनी डोळे पुसले. "अहो, एका जुडीला एवढा वेळ?"

काकांनी तोंड वाकडं केलं, चपला आपटल्या आणि बाकावर बसत म्हणाले, "काय सांगू, मेली पायपीट!"