पाठीमागचं गार्ड

"काप," दादा म्हणाला.

मिस्त्रीने गॅस कटर पेटवला होता, पण ज्योत अजून हवेतच होती. ट्रकच्या हौद्यात उभा राहून तो समोरच्या गार्डकडे बघत होता. गार्ड म्हणजे केबिनच्या पाठीमागे उभी केलेली लोखंडी भिंत. मागचा माल घसरलाच तर तो ड्रायव्हरच्या पाठीत घुसण्याआधी हिच्यावर आदळावा, एवढंच तिचं काम. मिस्त्रीने ती स्वतः बांधली होती, आणि बांधताना हात आखडता घेतला नव्हता.

"काप म्हणतो ना. गॅस जळतोय फुकट."

"दुसरं काही निघतंय का बघू या."

"दुसरं काय राहिलंय? माझी एखादी बरगडी काढ आता."

खरंच काही राहिलं नव्हतं. जादा स्टेपनी काढून झाली होती, टूलबॉक्स काढून झाला होता. हौद्याचा पत्रा उखडून फळ्या बसवल्या होत्या, फाळके हलके करून झाले होते. केबिनमधली झोपायची फळीसुद्धा आता वर्कशॉपच्या दारात बाक होऊन पडली होती. एवढं करूनही काल वजनकाट्यावर गाडी रेषेच्या वरच निघाली. थोडीच, पण वर. आणि पुन्हा वजन करून घ्यायची मुदत आज संपत होती.

ही रेषा शहराने नव्याने आखली होती. रिकाम्या गाडीचं वजन रेषेच्या आत असेल तर नोंदणीची फी जुनीच. वर गेलं, की तिप्पट, आणि तीही दर वर्षी. जड गाड्यांनी रस्ते खचतात, खालचे नळ फुटतात, असं कारण दिलं होतं. कारण खोटंही नव्हतं. मिस्त्रीच्या दारातला रस्ता ट्रकांनी इतका दाबला होता, की त्याच्या बायकोने तिथे दोनदा पाय मुरगळून घेतला होता. पण ज्यांच्याकडे दहा-दहा ट्रक, त्यांनी भाडं थोडं वाढवलं आणि ते मोकळे झाले. दादाचा ट्रक एकच. तिप्पट फी भरायची तर तो आज ना उद्या विकावा लागणार, आणि पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून चढावं लागणार. ज्या मालकांना दादा आजवर तोंडावर खडसावत आला, त्यांच्याच गाडीवर.

मिस्त्रीला ट्रकवाल्यांची सगळी लाईन 'डबल' म्हणून ओळखायची. जिथे एक पट्टी पुरेल तिथे हा दोन मारणार. याच्याकडे स्टूल करायला दिलं तर त्यावर हत्ती बसवता येईल, अशी चेष्टा दादाच सगळ्यांत जास्त करायचा. पण गार्डच्या बाबतीत कुणी चेष्टा करत नसे. गिऱ्हाइकाने सांगो न सांगो, पैसे देवो न देवो, याच्या हातची कुठल्याही ट्रकची बॉडी गार्डशिवाय बाहेर पडत नसे. का, ते सगळ्यांना माहीत होतं. दादा आणि मिस्त्री सख्खे भाऊ, आणि त्यांचे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. पाइप भरून चालले होते, पुढे कुणीतरी आडवं आलं, ब्रेक दाबला, आणि मागचे पाइप केबिन फोडून आत आले. दादा तेव्हा शाळेत होता, सुट्टी म्हणून बरोबर गेला होता, बाजूच्या सीटवर बसला होता. त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. कसं काय, ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि घरात कुणी विचारलं नाही.

"संध्याकाळी परत बसवायचं," मिस्त्री म्हणाला. "शब्द दे."

"दिला. काट्यावरून सरळ इथे. तू पुन्हा जोड, वाटलं तर चार पट्ट्या जास्त मार. आज फक्त वजन होऊ दे रे बाबा."

हे गैर आहे हे दोघांनाही कळत होतं. मिस्त्रीने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ज्योत लोखंडाला लावली. स्वतः जोडलेले सांधे कापायला त्याला फार वेळ लागला, कारण ते त्याचे सांधे होते. गार्ड सुटलं तेव्हा दोघांनी मिळून ते साखळीने उतरवलं आणि वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मागून बघताना केबिन एकदम नागडी वाटायला लागली. पत्र्याची पाठ, वाजवली तर डब्यासारखी वाजणारी.

निघता निघता वहिनीचा फोन आला. दादा उचलत नव्हता म्हणून मिस्त्रीला.

"भाऊजी, ते काढलंत म्हणे?"

"हो वहिनी. वजनापुरतं."

"आणि परत?"

"आजच. मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच विचारते. यांचं काही खरं नसतं."

काट्यावर ही रांग. जो तो काहीतरी सोलून आलेला. एकाने बंपर काढला होता, एकाने डिझेलची टाकी पार कोरडी करून गाडी ढकलत आणली होती. एक जण तर पायातले बूट काढून उभा होता. त्याला कुणीतरी सांगितलं, अरे, ड्रायव्हरला खाली उतरवूनच वजन करतात, तेव्हा तो ओशाळून हसला आणि पुन्हा बूट घालायला लागला. कुणी शहराला शिव्या देत होतं, कुणी नशिबाला. दादा कुणाशीच बोलत नव्हता. एरवी अशा गर्दीत तो पुढारी असायचा.

गाडी काट्यावर चढली. दादा उतरला. काचेमागच्या काटेवाल्याने पडद्यावरचा आकडा वाचला, डोळे बारीक करून पुन्हा वाचला.

"आत आहे," तो म्हणाला. "काल नव्हती."

"काल तब्येत भारी होती तिची," दादा म्हणाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मिस्त्रीच्या पाठीवर त्याने असा हात मारला, की मिस्त्री दोन पावलं पुढे गेला.

तेवढ्यात काटेवाला कॅमेरा घेऊन बाहेर आला. त्याने ट्रकचा पुढून फोटो काढला, मागून काढला, दोन्ही बाजूंनी काढला. मग हौद्यात चढून केबिनच्या उघड्या पाठीचाही काढला.

"हे कशाला?" मिस्त्रीने विचारलं.

"नोंदणीला जोडायला. लोक इथे सगळं काढून येतात आणि घरी जाऊन परत लावतात. आता रस्त्यात गाडी अडवून फोटोशी ताडून बघणार. जादा काही दिसलं की नोंदणी रद्द." त्याचा आवाज ना रागाचा होता ना दयेचा. "मला का बघताय असे? नियम मी नाही केला."

दोघं भाऊ एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले. वजन, तारीख, फी, सगळ्याचा विचार झाला होता. फोटोचा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

बाहेर आल्यावर दादा ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाला, "मी माल भरायला जातोय."

"कसला माल?"

"पाइप. पलीकडच्या गोदामातून. कालच घेतलंय काम."

"दादा."

"साखळ्या आहेत. आवळून बांधीन."

"साखळ्या बाबांकडेपण होत्या."

दादाचा चेहरा एकदम बंद झाला. "त्यांचं मधे आणू नकोस."

"शब्द दिला होतास."

"मग काय करू? तिप्पट भरू? कुठून भरू? तू भरतोस?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली तसा त्याने आवाज खाली आणला. "लोक गार्डशिवाय जन्मभर गाड्या चालवतात. सगळे मरतात का? तुला आपलं एकच वेड. तुझ्या त्या वेडाचं वजनच मला नडलंय, एवढं लक्षात ठेव."

दार आपटलं आणि ट्रक गेला. मिस्त्री तिथेच धुरात उभा राहिला. दादाचं शेवटचं वाक्य त्याला लागलं होतं, आणि जास्त लागलं ते अशासाठी, की ते खरं होतं. गार्ड थोडं हलकं करता आलं असतं. सगळेच करतात तसं. यानेच केलं नव्हतं. मग त्याला वहिनीचा प्रश्न आठवला, आणि तो गोदामाच्या दिशेने चालायला लागला. चालता चालता पळायलाच लागला.

तो पोहोचला तेव्हा पाइप भरून झाले होते. माणसाच्या मांडीएवढे जाड, लांबच्या लांब, त्यांची उघडी तोंडं केबिनच्या पाठीवर रोखलेली. दादा साखळ्या आवळत होता, आणि भलत्याच आवळत होता. मिस्त्री वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडून बाजूच्या सीटवर चढला आणि बसला.

दादा स्टिअरिंगवर आला तेव्हा त्याला तो दिसला.

"उतर."

"नाही."

"वर्कशॉपला सोडायला वेळ नाही मला."

"सोडू नकोस. येतो तुझ्याबरोबर. गार्ड नसेल तर मी बसतो इथे."

"वेड लागलंय का? उतर म्हणतो ना!"

"तुला काही वाटत नाही ना? साखळ्या आहेत ना? मग चल."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. आणखी एकीने वाजवला. दादाने एक शिवी हासडली आणि गियर टाकला.

गोदामापासूनचा मोठा रस्ता उताराचा होता. दादा इतका हळू चालला होता, की सायकलवाले पुढे जात होते. तरी गाडी जरा खड्ड्यात गेली की मागे पाइप एकमेकांवर वाजायचे. दादाची नजर रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त होती. मानेवर घाम आला होता. मिस्त्री समोर बघत बसला होता. भीती त्यालाही वाटत होती. पाठीमागच्या पत्र्याचा गारवा शर्टातून लागत होता, आणि पाठ टेकवावी की नको, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"आई काय म्हणेल, याचा विचार केलास?" दादा म्हणाला.

"तू केलास?"

पुढे चौक आला. सिग्नल हिरवा होता. दादाने थोडा वेग घेतला, आणि त्याच वेळी डाव्या गल्लीतून एक बाई मुलाची ढकलगाडी घेऊन, फोनवर बोलत, सरळ रस्त्यात उतरली.

दादाने ब्रेक दाबला.

मागे सगळे पाइप एकदम किंचाळले. साखळी ताणली, कडकन वाजली आणि टिकली. एक पाइप मात्र निसटून पुढे आला आणि पत्र्यावर धडकला. दोघांच्या मधोमध, खांद्यांच्या उंचीवर, पत्रा आतल्या बाजूला फुगून आला. ट्रक थांबला. बाईने वर बघितलं, घाईने ढकलगाडी मागे ओढली आणि काही घडलंच नाही अशी फुटपाथवर चढली.

मिस्त्रीला आधी काहीच कळलं नाही. मग आपल्या छातीवर काहीतरी घट्ट दाबलेलं आहे, हे कळलं. तो दादाचा हात होता. ब्रेक दाबतानाच दादाने आडवा हात टाकून त्याला सीटवर, दाराकडे, कोपऱ्यात रेटून धरलं होतं. गाडी थांबली तरी हात निघेना. त्या दाबाने मिस्त्रीच्या शर्टाचं बटण त्याच्याच छातीत रुतत होतं.

"दादा. झालं. थांबली गाडी."

दादा समोरच बघत होता. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला होता.

"बाबांनी असाच धरला होता," तो म्हणाला. "असाच हात. मी म्हणालो, दुखतंय, सोडा. मला सोडलं असतं तर त्यांना स्वतःला खाली वाकता आलं असतं. ते वाकलेच नाहीत."

मिस्त्रीने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. इतक्या वर्षांत दोघं या विषयावर पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलायला एवढंच होतं. मिस्त्रीला रडू आलं. ते त्याने लपवलंही नाही.

सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मग दादाने ट्रक वळवला. गोदामात जाऊन त्याने माल उतरवून घ्यायला सांगितला. गोदामवाल्याने वाटेल ते ऐकवलं, पुन्हा काम मिळणार नाही म्हणून बजावलं. एरवी दादाने त्याची गचांडी धरली असती. आज मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि रिकामा ट्रक वर्कशॉपला आणला.

गार्ड भिंतीलाच टेकलेलं होतं. दोघांनी ते साखळीने वर चढवलं. मिस्त्री वेल्डिंग करत असताना दादाने दोन्ही हातांनी ते जागेवर धरून ठेवलं. ठिणग्या मनगटावर उडत होत्या तरी त्याने पकड सोडली नाही.

"हलकं करू का थोडं?" मिस्त्रीने चष्मा वर करून विचारलं. "पातळ पत्रा आहे माझ्याकडे. बघू, बसलं रेषेत तर."

"नको. होतं तसंच कर."

सगळं झाल्यावर मिस्त्री हातोडी घेऊन केबिनमध्ये शिरला, आत फुगलेला पत्रा ठोकून सरळ करायला. दादाने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली, "हा राहू दे असाच," म्हणाला आणि वहिनीला फोन लावला. "बसवलं," एवढंच म्हणाला. पलीकडून ती फी विचारत असावी. "बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काट्यावर शुकशुकाट होता. मुदत संपली होती. काटेवाल्याने काचेमागून ट्रक ओळखला.

"तुमची झाली की काल. आत बसली होती."

"परत करायचंय वजन."

"मुदत संपली."

"वरच्या वर्गात टाकायचीय."

काटेवाल्याला वाटलं, आपली चेष्टा चालली आहे. मग त्याने दादाचा चेहरा बघितला. "वर जायला मुदत लागत नाही," तो म्हणाला. "कधीही या."

दादाने ट्रक काट्यावर चढवला आणि खाली उतरला. या वर्षीची फी कशीबशी भरता येणार होती. पुढच्या वर्षी ट्रक राहील की नाही, ते सांगता येत नव्हतं. पडद्यावर आकडा आला, रेषेच्या वर. काटेवाला कॅमेरा घेऊन आला, चहूबाजूंनी फोटो काढून हौद्यात चढला आणि गार्डसमोर थांबला.

"केवढं जाड केलंय हे," तो म्हणाला. "कुणी बांधलं?"

"धाकट्या भावाने," दादा म्हणाला. "नीट काढा फोटो. सगळं आलं पाहिजे त्यात."