मागचा नांगर

रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी ती युद्धनौका छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली. तिचा सेवावृत्तान्त सिद्ध करण्याचे कार्य तिच्यावरच्याच वृद्ध लेखनिकाकडे आले. अखेरची मुद्रिते तो तपासत असता नौकेचा जुना नांगरवाला पत्नीसह दारात उभा राहिला.

"महापुराचं पान बदलायचंय," तो बसण्याआधीच म्हणाला.

त्या पानावर लिहिले होते : पूरग्रस्तांना आणायला किनाऱ्याला लागली असता कप्तानाचा ओहोटीचा अंदाज चुकला व नौका बारा तास वाळूत रुतली. त्या ठपक्यानंतर कप्तानाला दुसरी नौका लाभली नाही. गतवर्षी तो निवर्तला होता.

"अंदाज त्यांचा नव्हता चुकला. किनाऱ्याला लागण्याआधी मागचा नांगर सोडायचा असतो. पुढे त्याच्याच दोरावर नौका स्वतःला पाण्यात ओढून घेते. तो सोडायला मी विसरलो."

"तीस वर्षं पोटात ठेवलं, भाऊजी," पत्नी म्हणाली. "आणि माझ्या हातून दूध उतू गेलं की आठवडाभर प्रवचन."

"वहिनी, जरा थांबा." लेखनिक नांगरवाल्याकडे वळला. "कप्तानांना कधी कळलं?"

"लगेच. मीच धावत सांगायला गेलो. खाली पाणी होतं अजून. इंजिन उलटं फिरवलं असतं तर सुटलो असतो. पण टेकडीवरून पूरग्रस्त उतरत होते, म्हातारी, लेकुरवाळी. साहेब म्हणाले, दार उघडा. सगळे चढेपर्यंत ओहोटी लागली."

"मग चौकशीत हे का नाही सांगितलं त्यांनी?"

"माणसांसाठी थांबलो असं साहेबांनी म्हटलं असतं, तर नांगर कुठे होता हेही निघालं असतं. माझी नोकरी गेली असती."

लेखनिकाने लेखणी उचलली. "तुझी नात नौदलात आहे. हे पुस्तक तिच्या हाती पडेल."

"पडू दे. साहेबांची मुलगीही वाचेल."

लेखनिकाने जुनी ओळ खोडली आणि सावकाश लिहिले : एका खलाशाकडून मागचा नांगर सोडायचा राहिला.

"एका खलाशाकडून कसं? नांगरवाला मी एकटाच होतो. तसं लिही."

लेखनिकाने तसे लिहिले. त्याखाली लिहिले : नौका सुटू शकत असताही कप्तान पूरग्रस्तांसाठी थांबले. मग त्याने विचारले, "किती होती माणसं?"

"तीनशे बारा. चढताना मी एकेक मोजलं," नांगरवाला म्हणाला. "हातांना दुसरं काम कुठे उरलं होतं?"