बेवारस नव्हे, अकराशे एक

जुना म्हणा, खटारा म्हणा, पण बेवारस म्हणू नका, मित्रांनो! मी पुण्यातला तीनचाकी टेम्पो. संजय आणि कल्याणी हे माझे मालक. मला 1101 नंबर मिळाला तेव्हा आहेराचा आकडा आला म्हणून संजय इतका हरखला, की त्याने पाटीवर तो मराठीत रंगवून घेतला: ११०१. हे नियमात बसत नाही, असं त्याची बायको कल्याणी म्हणाली होती. पण हौसेपुढे नियमाचं काय चालतं?

काय दिवस होते ते! कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर निघत होत्या आणि स्वारगेटहून खोकी भरून मी हिंजवडीपर्यंत पळत होतो. आत नवं युग आहे, जपून उचला, असं संजय हमालांना बजावायचा. मी नुसता फुगून जायचो.

मग २००१ साली एका व्यापाऱ्याचे मॉनिटर चोरीचे निघाले. चोरी त्याची, पण ते वाहून नेणारा मीही 'मुद्देमाल' ठरलो. संजयवर साधा आरोपही नव्हता. तरी मी पोलीस ठाण्याच्या आवारात अडकलो आणि तो दुसऱ्याच्या टेम्पोवर रोजाने राबू लागला. दोन वर्षांत माझे टायर बसले, पत्रा गंजला. कल्याणीने मात्र कोर्टाचे खेटे सोडले नाहीत. टेम्पो मालकाला सुपूर्द करा, असा हुकूम तिने अखेर मिळवलाच.

हुकूम घेऊन ती आली, त्याच सकाळी माझा लिलाव होता! यादीत माझ्यापुढे 'मालक सापडला नाही' असा शेरा होता. हवालदार रामदास यांनी यादी चाळली.

"अकराशे एक नंबरची गाडीच नाही आमच्याकडे. आणि ही कॉम्प्युटरची यादी आहे, ताई. तो चुकत नाही."

बाहेर भंगारवाल्याची बोली लागली. एक वार, दोन वार! मी घाबरून गेलो.

कल्याणीचं बोट यादीवरून फिरत 9909 पाशी थांबलं. ती धावतच माझ्याकडे आली आणि पदराने तिने पाटी पुसली.

"हवालदारसाहेब, तुम्ही लोकांनी हे इंग्रजीत वाचलंत, नव्याण्णवशे नऊ. आता मराठीत वाचा."

रामदास वाकले. मराठीतला एकचा आकडा इंग्रजी नऊसारखा दिसतो. 9909 चा खरा मालक आपली गाडी घेऊन मजेत हिंडत होता, मग माझा मालक सापडणार कुठून? त्यांनी माझ्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर कागदांशी ताडून पाहिला आणि लिलाव थांबवला.

"दोन वर्षांत एकदा तरी चासी बघायला हवी होती आम्ही," ते हळूच म्हणाले.

चौघांनी ढकलत मला फाटकाबाहेर काढलं. त्यात भंगारवालाही होता. कल्याणी हसत होती, रडतही होती आणि मला तर रस्ता पाहूनच भरून आलं.

मित्रांनो, पाटीची हौस आमचीच, हे कबूल. पण ज्याच्यावर आरोपच नाही, त्याची वस्तू अडकवली तर ठरल्या मुदतीत त्याला शोधून विचारायला नको का? तसा कायदा करा, असा अर्ज कल्याणीने लिहिला आहे. तुम्ही मोठे होऊन कायदे कराल, तेव्हा ठाण्याच्या आवारात माझ्या शेजारी अडकलेल्या निळ्या स्कूटरची आठवण ठेवा. तिचा मालक रोज फाटकाशी येऊन उभा राहतो, आणि यादीत ती अजून बेवारस आहे.