जितेशच्या नावावर चार विकेट

प्रविणने पांडूच्या डब्याची पिशवी धरली ती सोडलीच नाही. पहिली शिफ्ट तीनला सुटली होती आणि रोह्याजवळ धाटावला कंपनीच्या गेटातून माणसं भसाभस बाहेर पडत होती. पांडूने त्याला लांबूनच पाहिलं आणि पाहिल्याबरोबर तो मागे वळला. पण एकदा बाहेर पडलेल्या कंत्राटी कामगाराला वॉचमन कशाला परत आत घेतोय. त्याने पांडूला हातानेच बाजूला केलं, तेवढ्यात प्रविण येऊन पोचला.

"सोड भाऊ. माणसं बघतायत."

"बघू देत. दोन दिवस फोन करतोय तुला. उचलत का नायस?"

"बाईच्या नावाचा फोन येतोय. मला काय माहीत तू हायेस."

"माझा फोन जमा झालाय. बायकोचा घेऊन फिरतोय."

फोन जमा झालाय म्हटल्यावर पांडूने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी ओढायचं थांबवलं. कुठे जमा झाला हे त्याला सांगावं लागलं नाही. दोघे रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले. प्रविणने दोन चहा सांगितले आणि भजी सांगितली. भजीला दोघांनीही हात लावला नाही.

पांडू रोह्याच्या पलीकडच्या कातकरवाडीतला. बेताची उंची, काटक अंग, आणि हात असा की फलंदाजाने बॅट उचलायच्या आत मागचा स्टंप उडालेला. प्रविण पेणकडचा, गडबच्या अलीकडच्या गावातला, गावच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन. दोघांची ओळख मैदानातली आणि मैदानापुरतीच. एरवी प्रविणने त्याला चहा पाजायचं काही कारण नव्हतं.

कारण होतं त्या रविवारचं. वडखळच्या बाजूला भात कापून झालेल्या शेतात स्पर्धा होती. नियम कडक. एक गाव, एक संघ. खेळाडू गावचाच पाहिजे, आधार कार्ड दाखवायचं, आणि बाहेरचा पकडला गेला तर अख्ख्या गावावर दोन वर्षं बंदी. नियम जितका कडक तितके बाहेरचे खेळाडू जास्त, हे कमिटीला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक, शेवफरसाण विकणाऱ्यालाही ठाऊक. आधार कार्डावरचा फोटो तसाही कुणाचा कुणासारखा दिसतो? शनिवारी रात्री जितेशचा प्रविणला फोन आला, ताप आहे, मी येत नाही. जितेश म्हणजे संघाचा एकुलता एक वेगवान गोलंदाज, आणि पहिलीपासून प्रविणच्या बाकावरचा. प्रविणने कपाळावर हात मारून घेतला आणि लगेच पांडूला फोन लावला. संघाची सगळी कार्डं कॅप्टनकडेच असतात. रविवारी पांडू टोपी डोळ्यांवर ओढून जितेशच्या कार्डावर खेळला, चार विकेट काढल्या, आणि गावाने चषक आणला.

त्याच रविवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी शहरातल्या बाजारात स्फोट झाला. दोन माणसं गेली. त्यातली एक बाई पोरीला शाळेचं दप्तर घ्यायला आली होती. ते दप्तर टीव्हीवर दोन दिवस दाखवत होते. नेमक्या त्या वेळी वडखळच्या मैदानावर भोंग्यावरून समालोचक घसा फोडून जितेशचं नाव घेत होता.

गुरुवारी पोलिसांनी जितेशला उचलला. गावाचा कानांवर विश्वास बसेना. घरोघरी वायरिंगची कामं करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आईला दवाखान्यात स्वतः नेणारा माणूस. त्याने बॉम्ब ठेवला म्हणे. प्रविण तर पारावर एकदोघांच्या अंगावर धावून गेला. तपासवाल्यांनी त्यालाही बोलावलं. जितेश त्या रविवारी कुठे होता, असं विचारल्यावर तो पटकन बोलून गेला, आमच्यात खेळत होता साहेब, चार विकेट काढल्या त्याने. खरं सांगायचं तर त्या क्षणी प्रविणला बॉम्ब आठवलाच नाही, बंदी आठवली. दोन वर्षं गाव खेळलं नाही तर लोक त्याला उभा जाळतील, एवढंच डोक्यात आलं.

साहेबांनी शांतपणे एक मोबाइल पुढे सरकवला. कुणीतरी प्रेक्षकाने काढलेली आठ सेकंदांची क्लिप होती, आणि गोलंदाज जितेश नव्हता. तिथून सगळं फिरलं. यूट्यूबवर सामना लाइव्ह दाखवणारा गावचाच अक्षय. त्याने तो व्हिडिओ रविवारी रात्रीच काढून टाकला होता, तोही प्रविणच्या सांगण्यावरून. म्हणजे मित्रासाठी खोटी हजेरी उभी केली आणि पुरावा नष्ट केला, असा दोघांवर ठपका आला. बाहेरचा खेळाडू लपवायला केलं हो साहेब, असं प्रविण कळवळून सांगत होता. साहेब म्हणाले, तुझ्या फोनवरून शनिवारी त्या पांडूला फोन गेलाय ते आम्हाला दिसतंय. बोलणं काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकायचंय. प्रविणने हात जोडले, तुमची गाडी वाडीवर गेली तर तो डोंगरात पळेल, मी आणतो त्याला. साहेबांनी उद्या दहापर्यंतची मुदत दिली, नाहीतर तू आणि अक्षय आत.

हे सगळं त्याने पांडूला एका दमात सांगितलं. चहावर साय धरली.

"मी नाय येत," पांडू म्हणाला. "गावात कोंबडी चोरीला गेली तरी पहिली आमच्या वाडीचीच गचांडी धरतात. आन इथं बॉम्ब हाय. मी आपल्या पायानं जाऊ?"

"मी असेन ना बरोबर."

"तू आत, मी पन आत. बरोबर म्हंजे कसा बरोबर?"

प्रविणची मुलगी चार वर्षांची होती. बाबा साहेबांकडे कामाला जातात, असं घरी तिला सांगितलं होतं, आणि ती रोज सकाळी त्याला डबा आणून देत होती. हे त्याने पांडूला सांगितलं.

"तुला जास्त काय बोलायचंच नाय रे. शनिवारी रात्री माझा फोन आला, जितेशला ताप होता म्हणून आला, तू येऊन खेळलास. संपलं. माझं पण सुटतं, त्याचं पण जरा हलकं होतं. त्याला ताप होता एवढं कुणीतरी बाहेरचा माणूस बोलायला पाहिजे."

पांडूने ग्लास खाली ठेवला.

"ताप," तो म्हणाला. "शनिवारी ताप येनार ते त्याला मंगळवारीच कळला होता काय?"

"काय?"

"मंगळवारी आलेला तो. या हितंच. पहिली शिफ्ट सुटली न् मी भाईर आलो, तर तो उभा. म्हनला, शनिवारी प्रविण तुला फोन करल. मला ताप हाय असा सांगल. जरा आढंवेढं घे, मग हो म्हन. आन मी आलो होतो ते त्याला सांगू नको, त्याला वाईट वाटल."

प्रविण हसला. हसू कुठून आलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"दुसरा कुणीतरी असंल."

"मानूस चुकंल भाऊ, ती गाडी कशी चुकंल?" पांडूने हनुवटीने रस्त्याच्या कडेची मोटारसायकल दाखवली. "हीच होती त्याच्याकडं."

गाडी प्रविणचीच. मंगळवारी आईचे डोळे दाखवायला पेणला जायचं म्हणून जितेश घेऊन गेला होता. प्रविणने आपणहून टाकी भरून दिली होती, वर काकीला नीट धरून बसायला सांग असंही म्हणाला होता. टपरीच्या मालकाने भजी घेऊ का परत असं विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

"अजून काय बोलला?"

"बक्षीस वाटंपर्यंत थांब, म्हनला. फोटोत मान खाली घाल. मला वाटला, तुमचा काय आपसातला असंल. मोठ्या गावची मोठी राजकारनं. मला खेळाय भेटत होता, मी कशाला इचारू?" पांडूने पिशवी मांडीवर घेतली. "आता मला वाटतंय, मलाच का निवडला? माझा कोन ऐकनार हाय, म्हनून."

प्रविणने एक गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नव्हती, साहेबांनाही नाही. व्हिडिओ काढून टाकायची कल्पना त्याची नव्हतीच. रविवारी रात्री आठ वाजता जितेशचा फोन आला होता. समोरच्या संघाला संशय आलाय म्हणे, अक्षयला सांग, व्हिडिओ ताबडतोब काढून टाक. तो कॉल तर प्रविणच्या फोनमध्ये साहेबांना दिसतच होता. साहेबांनी विचारलं, आठ वाजता कशाला केला होता फोन? प्रविणने बेधडक सांगून टाकलं, मॅच काय झाली विचारायला. आपल्या दोस्ताला कशाला अजून खड्ड्यात घालायचं? त्याला वाटलं होतं, बघा, तापात पडलाय तरी पोराला संघाची काळजी.

आता बाकड्यावर बसल्या बसल्या प्रविण तो फोन मनात परत ऐकू लागला. शब्द न् शब्द आठवत होता. मागे पोरं गुलाल उधळत होती, ताशा वाजत होता, स्वतः प्रविणला एका कानात बोट घालावं लागलं होतं. जितेशने व्हिडिओचं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि फोन ठेवला. जिंकलो का हरलो, हे त्याने विचारलंच नव्हतं.

चषकासाठी जीव टाकणारा जितेश. हरलो तर दोन दिवस जेवायचा नाही.

रडू येईल असं प्रविणला वाटलं, पण नुसता राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. या माणसासाठी तो गावाशी भांडला होता, साहेबांपुढे खोटं बोलला होता. आणि त्या माणसाने त्याची गाडी नेली, त्याचा संघ वापरला, त्याची मैत्रीसुद्धा हिशेबात धरून ठेवली. प्रविण आपल्याला सांभाळून घेईल, हे त्याला मंगळवारीच माहीत होतं. दप्तर घ्यायला आलेली ती बाई मंगळवारी घरात भाकऱ्या थापत असेल.

"मग काय करू?" पांडू म्हणाला. "तू लेकीचा सांगितलास, मी येतो. पन मंगळवारचा सांगू का नको? आपन दोघंच जानतो. मला काय, तू म्हनशील तसा बोलतो."

सोपं होतं. एक मंगळवार वगळायचा. तसं साहेबांना पटलंही असतं कदाचित.

शर्टाच्या खिशात बायकोचा फोन वाजला. चंद्रावतीकाकीचा होता, जितेशच्या आईचा. गुरुवारपासून ती दिवसातून दहादा फोन करत होती. तिच्या घरी प्रविण लहानपणी हक्काने भाकरी मागून खायचा.

"भेटला का रं तो?"

"भेटला काकी."

"येतंय का उद्या? शनिवारी रातचे मी सोताच्या हातानं काढा करून दिला जितेशला, अंगावर दोन गोधड्या टाकल्या. किती येला सांगितला त्यांना. आईचा कोन आयकत नाय. तुजा तो मानूस बोलला तर आयकतील."

प्रविणने पांडूकडे पाहिलं. पांडू त्याच्याकडेच बघत होता, डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"बोलणार हाय तो, काकी," प्रविण म्हणाला. "सगळं बोलणार हाय. मी पण बोलणार हाय, माझं काय राहिलंय ते."

पलीकडे काकी रडायला लागली होती. पदराने नाक पुसल्याचा आवाज आला.

"देव तुजा भला करो बाला," ती म्हणाली. "उद्या बोलून झाला का त्या मानसाला घेऊनशी सरल घराकरं ये. तुमी दोगं जेवून जा."