मेहमुदाची न मोजलेली धाव

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढं मी एक जुनं स्टॉपवॉच. कोल्हापुरातल्या एका शाळेचे कवायतीचे मास्तर गणपतराव मला गळ्यात घालून मिरवायचे. रोज सकाळी चावी द्यायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसायचे. तेवढं कौतुक घरी मास्तरीणबाईंच्याही वाट्याला आलं नसेल.

१९६९ साली जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. मेक्सिकोचं ऑलिंपिक आदल्याच वर्षी झालेलं, त्यामुळे मैदानाकडेला वाद पेटला होता.

"शंभर मीटरला हाइन्सच भारी! धा सेकंदाच्या आत आला की!" मास्तरांचे दोस्त बाळासो म्हणाले.

"आरं, मेक्सिकोची उंचावरची विरळ हवा, त्यात गुळगुळीत पट्टी!" मास्तर उसळले. "छत्तीस साली बर्लिनला ओवेन्स कोळशाच्या चुरीवर पळाला, सुरुवातीला पायाला खड्डं खणून."

"आणि रोमच्या ऑलिंपिकात जिंकलेली विल्मा, मास्तर? लहानपणी तिला धड चालता येत नव्हतं," आमच्या शाळेची मेहमुदा अनवाणी पाय झाडत म्हणाली.

"तू आधी पळ, मग तुझंबी नाव घेतो."

शंभर मीटर ठरलेल्या वेळेत आली, तरच तिला पुढच्या स्पर्धेसाठी पुण्याला नेणार होते. घरी लग्नाची बोलणी चालली होती. पुण्याला गेली तर लग्न वर्षभर लांबणार होतं.

ती पळाली. काय पळाली! पण कुस्तीत पैलवान चीत झाला की आपल्या गावात आधी हात वर जातात, मग भान येतं. ती दोरीला भिडली आणि मास्तरांनी दोन्ही हात उंचावले, माझ्यासकट. बटण दाबलंच नाही. मी आपलं आभाळात पळतच राहिलं.

"किती लागलं, मास्तर?"

"थांबिवलंच न्हाय गं, पोरी."

तिला परत पळवलं, एकटीला, दमलेलीला. ती वेळ मी चोख मोजली. पुण्यासाठी ठरलेल्या वेळेपेक्षा ती जास्त भरली.

मास्तरांना मग मी बघवेना. कपाटात गेलं. चावी बंद, पुसणं बंद.

बऱ्याच वर्षांनी, आजऱ्याला दिलेली मेहमुदा लेकीला घेऊन आली. "हिचा टाइम घ्या, मास्तर. पण हात खाली ठेवा हां!"

मास्तर ओशाळं हसले. मला चावी दिली. पोर पळाली, त्यांनी बटणही वेळेवर दाबलं. पण मी आतून गंजलं होतं. काटा हललाच नाही.

मेहमुदानं पदरानं माझी काच पुसली. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. मी बघितलंय की."

मित्रांनो, हाइन्स थोर की ओवेन्स, खुशाल भांडा. पण एकदा चूक झाली म्हणून लाजेपोटी कुणाला कपाटात टाकू नका. रोज थोडी चावी देत जा. पळणारी पोर पुन्हा कधी दारात उभी राहील, सांगता येत नाही.